देवळाऐवजी कातळावर: हरिश्चंद्रगडावरच्या एकटीच्या रात्रीचं प्रकरण

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, आश्विन वद्य चतुर्थी, बुधवार. हरिश्चंद्रगडावर मी एकटीच मुक्कामाला गेले होते. ठरल्याप्रमाणे देवळाजवळच्या गुहेत झोपायचं होतं. प्रत्यक्षात रात्र काढली ती गडाच्या पश्चिमेकडच्या कोकणकड्याच्या अलीकडे, वाट हरवून, एका उघड्या कातळावर. मला इजा झाली नाही, कुणाला मदतीला यावं लागलं नाही आणि गुरुवारी सकाळी पावणेअकराला मी पायथ्याच्या पाचनई गावात परत पोचले. वरवर पाहिलं तर सांगण्यासारखं काही नाही. पण त्या रात्रीतल्या एका गोष्टीनं मला नंतर कित्येक दिवस झोपू दिलं नाही, आणि ती गोष्ट कड्याची नव्हती, अंधाराची नव्हती, थंडीचीही नव्हती. म्हणून हे प्रकरण वेळेबरहुकूम, काही न लपवता लिहून काढलं आहे.

आधीची तयारी

सोळा वर्षं मी गटाबरोबर डोंगरात जाते आहे. त्यातली सहा-सात वर्षं नवख्यांना घेऊन जाणाऱ्यांपैकी एक म्हणून. हरिश्चंद्रगड मला परका नव्हता. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून तीनदा आणि पाचनईहून चारदा चढले होते. एकटीनं मुक्काम मात्र कधीच केला नव्हता. गटात असताना आपलं लक्ष सतत माणसांवर असतं: कोण मागे राहिलं, कुणाचा बूट चावतोय, कुणी पाणी पीत नाही. मला एकदा फक्त डोंगर बघायचा होता. इथेच चांगदेवांनी तप केलं असं सांगतात. तेवढी माझी झेप नाही, पण एक रात्र कुणाशी न बोलता काढावी असं फार दिवस मनात होतं.

शरद ऋतू मुद्दाम निवडला. परतीचा पाऊस सरलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, टाक्यांना भरपूर पाणी, गवत हिरव्याचं सोनेरी होऊ लागलेलं. डिसेंबरातली गर्दी नाही, पावसाळ्यातलं धुकं नाही. या दिवसांचा एक स्वभाव मला ऐकून माहीत होता, पण अंगानं माहीत नव्हता. दुपार वैशाखासारखी आणि पहाट पौषासारखी, दोन्ही एकाच दिवसात.

गड अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उंची सुमारे १,४२४ मीटर. १९८६ पासून हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पाचनईची वाट सगळ्यांत सोपी समजली जाते: प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाणारी, पुढे मंगळगंगेच्या ओढ्याच्या साथीनं पठारावर नेणारी. पाठीवर ओझं असलं तरी अडीच तासांत माणूस देवळापाशी पोचतो.

पाठपिशवी अकरा किलोची होती. एका माणसाचा तंबू (गुहेत इतर कुणी असलं तर उपयोगी पडेल म्हणून), झोपायची पिशवी, मॅट, डोक्याला लावायची बॅटरी आणि तिचे जादा सेल, तीन लिटर पाणी, लहान स्टोव्ह, एक लोकरी बनियन, स्वेटर, दुसऱ्या दिवसासाठी कपड्यांचा एक जोड, गूळ-शेंगदाणे. राजूरला पावशेर पेढे घेतले. फोनमध्ये गडाचा नकाशा उतरवून ठेवला होता.

आणि एक चिठ्ठी. पाचनईत ज्या मावशींकडे मी दर वेळी जेवते त्यांच्या हातात ती द्यायची होती. त्यात लिहिलं होतं: बुधवारी दुपारी १२ ला चढणार. मुक्काम देवळाजवळच्या गुहेत. गुरुवारी सकाळी ११ पर्यंत खाली. १ वाजेपर्यंत आले नाही तर वर माणूस पाठवावा. खाली घरचा आणि गटातल्या दोन मित्रांचा फोन नंबर. अशी चिठ्ठी गटातल्या प्रत्येकाला लिहायला लावणारी मीच.

दुपार ते संध्याकाळ

राजूरहून पाचनईकडे जाणारी जीप भरेपर्यंत हलत नाही. भातकापणीचे दिवस, गावाकडे जाणारं कुणी नाही. मी पावणेदोन तास थांबले. बाराला चढायचं होतं, ते दोन वाजून दहा मिनिटांनी चढायला लागले. मावशींची संकष्टी होती, तरी मला त्यांनी भाकरी-पिठलं वाढलं आणि एक भाकरी ठेच्यासकट बांधून दिली. चिठ्ठी दिली. "देवळातच ऱ्हाशील ना?" त्यांनी विचारलं. "हो, देवळापाशीच."

ऊन भयंकर होतं. पावसाळ्यानंतर हवेत ओल भरपूर असते, त्यामुळे घाम सुकत नाही, नुसता वाहतो. सुती टी-शर्ट पहिल्या अर्ध्या तासात पिळण्यासारखा झाला. कातळभिंतीखालच्या सावलीत दोनदा बसले. तीन लिटरपैकी दोन लिटर वर पोचायच्या आत संपलं. गुहेजवळच्या टाक्यातून भरून घेऊ म्हणून त्याची चिंता केली नाही. चार वाजून पन्नास मिनिटांनी पठारावर, पाचला हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी.

आता इथे थांबून पाहायला हवं, कारण सगळं प्रकरण या पाच मिनिटांत घडलं. सूर्य मावळायला तासभर बाकी. देवळापासून कोकणकडा पश्चिमेला, पाऊण तासाच्या आत. मूळ बेत असा होता की अडीचला पोचायचं, गुहेत सामान लावायचं, पाणी भरायचं, मग सावकाश कड्यावर जाऊन उजेड असतानाच परतायचं. त्यातले अडीच तास गेले होते. बेतातून काहीतरी गाळणं भाग होतं. मी काय गाळलं? गुहा, पाणी आणि कपडे बदलणं. सूर्यास्त ठेवला. पाठपिशवी न उतरवता तशीच कड्याकडे निघाले.

देवळापाशी त्या वेळी कुणी नव्हतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी झोपड्या बंद असतात. कुणी असतं तर मी सहज म्हणाले असते, "कड्यावर जाऊन येते हो." सांगायला माणूस नव्हता, म्हणून ते वाक्य बोललं गेलं नाही. एवढंच.

कोकणकड्यावरचा सूर्यास्त काय असतो हे पाहिलेल्यांना सांगायला नको. पायाखालची जमीन अचानक संपते, कडा नागाच्या फणीसारखा आत वळून खाली कोसळतो, आणि खूप खोलवर कोकणातली रानं, नाफ्त्याची जोडशिखरं, बेलपाड्याकडची खाचरं. भाताची खाचरं त्या उजेडात पितळेच्या ताटांसारखी दिसत होती. वारा दरीतून वर येत होता आणि ओला शर्ट पाठीला गार लागत होता. मला ते सुखाचं वाटलं. सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य गेला, तरी मी बसून राहिले. साडेसहाला उठले तेव्हा डोळ्यांसमोर आभाळात उजेड होता, जमिनीवर मात्र नव्हता.

अंधार

कोकणकडा ते देऊळ ही वाट दिवसा चुकवायची म्हटली तरी चुकत नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात आठ-दहा हात गोल तेवढा दिसतो आणि त्या गोलात प्रत्येक ढोरवाट वाटेसारखीच दिसते. पावसाळाभर गुरं चरून गेलेली, गवत गुडघाभर वाढलेलं, त्यातून दहा दिशांना फुटलेल्या पायवाटा. सात वाजून पाच मिनिटांनी माझी वाट कारवीच्या दाट जाळीत शिरली आणि संपली. मागे वळले. जिथून आले असं वाटलं तिथे परत पोचले नाही.

पुढची चाळीस मिनिटं मी जे केलं ते करू नये असं मी लोकांना शिकवते. तीन वेळा, तीन वेगळ्या दिशांना, "इथेच असणार" म्हणत फिरले. घाबरलेला माणूस चालतो, कारण चालताना काहीतरी करतोय असं वाटतं. तिसऱ्या वेळी फोन काढला. नकाशावरचा निळा ठिपका सांगत होता की वाट माझ्या डाव्या हाताला ऐंशी मीटरवर आहे. ऐंशी मीटर म्हणजे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाय उचललासुद्धा. पण मध्ये काय आहे ते नकाशा सांगत नव्हता, आणि त्या बाजूनं झुळझुळ पाण्याचा आवाज येत होता. आवाज माझ्या पायांच्या पातळीच्या खालून येत होता.

तिथे थांबले. पावणेआठ वाजले होते. जवळच घराच्या अंगणाएवढा सपाट कातळ होता, त्यावर पाठपिशवी उतरवली. फोन एकवीस टक्क्यांवर होता, तो बंद केला. पाणी सातशे मिलिलिटर.

कातळ अजून कोमट होता. दिवसभर उन्हात तापलेला काळा दगड पहिल्या प्रहरापर्यंत ऊब सोडत राहतो, हात ठेवला की गुरांच्या पाठीसारखी जिवंत वाटते ती. त्या उबेनं मला फसवलं, ते पुढे येईल.

एकटेपणाची भीती कशी असते हे मला त्या कातळावर कळलं. बिबट्याचा विचार आला, हे खरं. अभयारण्यात तो आहेच. पण खरी भीती जनावराची नव्हती. दूर एक भेकर दोनदा भुंकलं, मग रातव्या पक्ष्याचं चक-चक-चक सुरू झालं, आणि मला त्या आवाजांचा आधार वाटला. भीती होती ती डोक्यातल्या हिशेबाची: आता पाय मुरगळला तर? आता ताप चढला तर? गटात हे प्रश्न दहा जणांत वाटले जातात. इथे ते सगळे माझ्याकडेच परत येत होते, पुन्हा पुन्हा, त्याच क्रमानं.

कालदर्शिकेत चंद्रोदय पावणेनऊच्या पुढचा होता. पूर्वेला तारामतीचा डोंगर आडवा, म्हणजे माझ्या कातळावर चांदणं यायला आणखी वेळ. पाचनईत मावशी त्याच चंद्राची वाट बघत असतील, उपास सोडायला. साडेनऊच्या आत डोंगरामागून तो वर आला आणि सगळं पठार दुधाळ झालं. मोह झाला. आता वाट दिसेल, निघावं. गवत दिसत होतं, झुडपं दिसत होती, देवळाकडचा उंचवटा ओळखू येत होता. मी बसून राहिले, कारण चांदण्यात लांबचं दिसतं पण खोली कळत नाही. खड्डा आणि सावली सारखीच काळी. कोकणकड्याच्या पठारावर हा फरक कळला नाही तर दुसरी संधी मिळत नाही. तंबू लावला, अर्धी भाकरी खाल्ली, झोपले.

पहाटेची थंडी

दोन वाजून चाळीस मिनिटांनी दातांच्या आवाजानं जाग आली. माझ्याच दातांच्या.

अंगात तोच टी-शर्ट होता. त्यावर स्वेटर घातला होता, झोपायच्या पिशवीत होते, तरी छाती-पाठीला ओल तशीच. कोरडे कपडे पिशवीत होते, पण ते "उद्याचे" होते. घरातून निघताना ठरवलेला शब्द इतका पक्का बसला होता की रात्री ते काढावेत असं सुचलंच नाही. हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. ओला सुती कपडा अंगावर ठेवून झोपणं म्हणजे रात्रभर अंगाची ऊब बाहेर उपसत बसणं.

बाकीचं काम शरदाच्या आभाळानं केलं होतं. ढग नसले की जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते. हवेत पावसाळ्याची ओल अजून शिल्लक असते, ती गार पृष्ठभागावर दव होऊन बसते. तंबूच्या आतल्या कापडावरून थेंब ओघळत होते, पायाकडची झोपायची पिशवी भिजली होती. आणि ज्या कातळावर कोमट वाटलं म्हणून मी मॅट नीट दुहेरी न करता पसरली होती, तो आता विहिरीच्या दगडासारखा गार होता. छोट्या थर्मामीटरवर बारा अंश. बारा अंश म्हणजे काही बर्फ नव्हे, आणि घातक नेमकं तेच आहे: सह्याद्रीत थंडीनं माणूस दगावत नाही असा आपला समज असतो. शरीराच्या आतलं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. ओल आणि वारा असला तर त्यासाठी बाहेर शून्य अंश लागत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात याच गडावर वाट चुकलेल्या एका तरुणाचा जीव गारठ्यानं गेला आहे.

तंबूची चेन उघडायला मला चार प्रयत्न लागले. बोटं वळत होती पण पकडत नव्हती. त्यामुळे मी खरी घाबरले, कारण त्या लक्षणाचा अर्थ मला ठाऊक होता. मग एकेक करत गेले. ओला शर्ट काढला, अंग टॉवेलनं घासलं, लोकरी बनियन, "उद्याचा" शर्ट, वर स्वेटर, डोक्याला मफलर. मॅटची दुहेरी घडी घालून फक्त धडाखाली घेतली. पाठपिशवी रिकामी करून दोन्ही पाय तिच्यात घातले. गुळाचा मोठा खडा, तीन पेढे, उरलेली भाकरी. पोटात काही गेलं की ते पचवताना अंग तापतं. स्टोव्ह पेटवला नाही. भोवती सुकत चाललेलं गवत होतं आणि उकळायला पुरेसं पाणीही नव्हतं. चारच्या सुमारास कापरं थांबलं. साडेपाचपर्यंत डुलक्या घेत बसले.

सकाळी कळलेल्या दोन गोष्टी

सहाला फटफटलं. खाली कोकणावर धुक्याची साय पसरली होती. मी पहिल्यांदा डावीकडे ते ऐंशी मीटर बघायला गेले. तीस पावलांवर ओढ्याची घळ होती, दोन पुरुष खोल, काठावर गवत इतकं झुकलेलं की कडा कुठे संपतो ते दिवसासुद्धा पायानं चाचपून बघावं लागत होतं. घळीपलीकडे मळलेली वाट, स्वच्छ.

दुसरी गोष्ट एका बाबांनी सांगितली. पावणेसातला ते गुरांमागून आले. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"रातच्याला बत्ती तुझीच व्हती का गं, पोरी?"

"हो बाबा. वाट चुकले."

"बघितलं म्या. एक गाय घावंना म्हणून टेपाडावर चढलो व्हतो. बत्ती इकडं जाय, तिकडं जाय. तवर जीव वर-खाली. मग एका जागी ऱ्हायली. म्हणलं, बसली. आता काय काळजी नाय. फिरतच ऱ्हायली असती तर मला यायलाच लागलं असतं."

मी त्यांना हात जोडले. चाळीस मिनिटं एक माणूस माझ्याकडे बघत होता आणि मला वाटत होतं की जगात कुणालाच माझा पत्ता नाही. बॅटरी ही वाट दाखवायची वस्तू म्हणून मी वापरत होते, ती दिसायचीही वस्तू आहे हे डोक्यात आलं नाही. संकटाचा ठरलेला इशारा मला तोंडपाठ आहे: मिनिटात सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. शिकवताना शेकडो वेळा सांगितला. त्या रात्री मी तो दिला नाही, कारण बघणारं कुणी असेल असं गृहीतच धरलं नव्हतं.

बाबांनी देवळापर्यंत सोबत केली. टाक्यावर पोटभर पाणी प्यायले. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी उरलेल्या एकावर तोललेलं ते छत आणि बर्फासारख्या पाण्यातलं शिवलिंग बघत काही वेळ बसले, मग उतरले.

चूक नेमकी कुठे

खाली आल्यावर मित्रांना सांगितलं तेव्हा बहुतेकांनी दोष वाट चुकण्याला दिला. काहींनी एकटं जाण्यालाच. मला दोन्ही पटत नाही.

वाट कुणाचीही चुकते. एकटं जाणंही गुन्हा नाही; तयारी असलेल्या माणसानं ते करावं, असं मी आजही म्हणेन, बाईनं तर जरूर करावं. उशीर ही अडचण होती, पण उशीर डोंगरात रोजचा आहे. उशीर झाल्यावर काय गाळायचं हे मी घरून ठरवून निघाले नव्हते, म्हणून थकलेल्या, भारावलेल्या अवस्थेत ते देवळासमोर ठरलं, आणि त्या अवस्थेत माणूस नेहमी सुंदर गोष्ट ठेवतो, गरजेची गाळतो. ओल्या शर्टाची चूकही त्याचीच पुढची कडी. कपडे बदलणं हे काम "गुहेत पोचल्यावर"च्या यादीत होतं. गुहा आली नाही, यादी उघडली नाही.

पण मला रात्री जागं ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. समजा, सात वाजून दहा मिनिटांनी मी त्या घळीत पडले असते आणि पाय मोडला असता. चिठ्ठीप्रमाणे गुरुवारी दुपारी एकनंतर माणूस निघाला असता. साडेतीनला गुहेपाशी. गुहा रिकामी, सामान नाही, चूल नाही, मुक्कामाची एकही खूण नाही. यावरून शहाण्या माणसानं काय अर्थ काढला असता? ती इथे राहिलीच नाही, टोलार खिंडीनं खिरेश्वरला उतरली असेल. शोध आधी खिरेश्वराकडे गेला असता, मग तारामतीकडे, बालेकिल्ल्याकडे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरसारख्या यंत्रणेतले अनुभवी स्वयंसेवक आले असते तरी त्यांच्या हातात पहिला कागद माझाच पडला असता, आणि तो कागद चुकीचं ठिकाण सांगत होता. माझ्याच अक्षरात, ठामपणे.

बेत बदलणं ही चूक नव्हती. गटातही बेत बदलतात, प्रत्येक वेळी. पण गटात बदल बोलला जातो. "चला, आधी कड्यावर" असं कुणीतरी म्हणतं, कुणीतरी कुरकुरतं, दमलेला एक जण देवळात थांबतो, त्याला ठाऊक असतं बाकीचे कुठे गेले. बदलाला आपोआप साक्षीदार मिळतात. एकट्या माणसाचा बेत त्याच्या डोक्यातच बदलतो आणि तिथेच राहतो. खाली गावात, घरी, कागदावर जुनाच बेत चालू असतो. सोळा वर्षांच्या अनुभवात हे मला कधी शिकावं लागलं नव्हतं, कारण मी कधी एकटी नव्हते. गटाचा अनुभव एकट्यानं जायला पुरतो, हा माझा समज होता. तो अर्धाच खरा निघाला.

जे बरोबर झालं तेही नोंदवते, कारण तेही योगायोगानं झालं. पाठपिशवी माझ्यापाशी होती. नेहमीचा सल्ला असतो की सामान गुहेत टाकून हलक्या अंगानं कड्यावर जावं, आणि मी वेळेवर पोचले असते तर तेच केलं असतं. मग बारा अंशांत ओल्या शर्टावर, तंबू-मॅटशिवाय, सातशे मिलिलिटरही पाण्याशिवाय बसले असते. एकट्या माणसानं रात्रीची ऊब आपल्यापासून वेगळी करू नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे. ओझं झालं तरी चालेल, मग जाणं कमी करावं. आणि पावणेआठला थांबणं, साडेनऊला न हलणं, हे दोन निर्णय मी पुन्हा तसेच घेईन.

मावशींची ओसरी

पावणेअकराला पाचनईत पोचले तेव्हा मावशी खळ्यावरून आल्या होत्या. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काल चंद्र बघायला बाहेर आले तवा तुझीच आठवण झाली. म्हणलं, देवळात हाय पोर, देव हाय सोबतीला."

मी चिठ्ठीबद्दल विचारलं. त्यांनी देव्हाऱ्यातल्या फोटोमागून ती काढून दिली, जशी दिली होती तशीच घडी घातलेली. मावशींना वाचता येत नाही. मुलगा वाचून दाखवणार होता, पण तो पहाटेपासून कापणीला. त्यांनी ती जपली होती, सगळ्यांत पवित्र जागी. एक वाजता काय करायचं, ते त्या कागदाच्या आतच राहिलं असतं. चार वेळा त्यांच्या हातचं जेवून मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. ही चूक त्यांची नाही, पूर्णपणे माझी आहे.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत मी पुन्हा एकटी गेले. यावेळी कागद होता, पण तो मुलाकडे दिला आणि त्याच्यापुढे वाचून घेतला. त्यात एक ओळ जास्त होती: दोन वाजेपर्यंत देवळापाशी पोचले नाही तर कड्यावर जाणार नाही. गुहेच्या तोंडाशी दगडाखाली ठेवायला दुसरा कोरा कागद आणि पेन्सिल घेतली, देवळापासून कुठेही हलताना वेळ आणि दिशा लिहून ठेवायला. कोरड्या कपड्यांच्या पिशवीवर जाड अक्षरात "रात्र" असं लिहिलं.

मावशींना तोंडी सांगायला बसले. "अकरा वाजेपर्यंत येईन, एकपर्यंत नाही आले तर..." त्यांनी मला हातानं थांबवलं. उठून ओसरीच्या कडेला गेल्या, उन्हाची रेघ कुठवर आलीय ते पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या जात्यावर हात ठेवला.

"ऊन हितं आलं आन् तू नाय आलीस, की पोराला वर धाडते. आता सांग, देवळात निजणार का आणखी कुठं?"